विस्मरणाचा आजार बरा होतो काय?

अल्झायमर पूर्ण बरा होतो काय, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘आजतागायत नाही’ असेच आहे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या व्याधीचे प्रथम वर्णन केले; परंतु मेंदूतील नष्ट झालेल्या पेशी परत आणणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. डोनेपेझिलने लक्षणे काही काळ सौम्य होतात. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबने प्रारंभीच्या अवस्थेत आजाराची गती थोडी मंदावते, इतकेच.

तथापि, प्रत्येक विस्मरण अल्झायमर नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा डोक्यास मार लागून साचलेले रक्त यांमुळेही स्मरणशक्ती ढळते. अशा वेळी योग्य उपचारांनी ती पुष्कळ सुधारू शकते. यास्तव ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता प्रथम तपासणी करावी. हमखास गुण येण्याच्या आश्वासनावर मात्र शेत गहाण टाकू नये.

याच आजारावरील ‘अस्तु’ या मराठी चित्रपटातील वृद्ध संस्कृत पंडित हत्तीमागे जाऊन हरवतात. तुळजापूरच्या नवरात्रातील गर्दीत आपल्या वडीलधाऱ्यांवर तसा प्रसंग येऊ नये, यासाठी त्यांच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, ही नम्र विनंती.