तीन लाखाचा घरविमा म्हणजे नेमके किती पैसे?



मागच्या महिन्यात खापरखेड्याच्या एका गटाच्या बैठकीत एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद घेऊन आल्या. घराच्या कर्जासोबत मिळालेली विम्याची पॉलिसी होती. म्हणाल्या, "मॅडम, तीन लाखाचा विमा हाये. घराले काही झालं तर तीन लाख भेटतेच ना?"

त्या गटाच्या खजिनदार आहेत. गटाची पेटी त्यांच्याच घरी असते. समोरच्या खोलीत पापड-शेवयांचा माल, मागच्या खोलीत संसार. आम्ही तासभर बसून तो कागद वाचला, आणि पहिल्या पानावरचा मोठा आकडा व हातात येणारे पैसे यांत किती फरक असतो ते सगळ्यांच्या लक्षात आलं. आजचा पाठ त्यावरच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जातात ती सुरक्षा विमा योजना अपघाताची आहे. 436 रुपयांची जीवन ज्योती योजना मृत्यूनंतर वारसाला पैसे देते. या दोन्हींचा घराशी संबंध नाही. घरविमा वेगळा घ्यावा लागतो.

विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केली. खालची उदाहरणं मुख्यतः तिचीच आहेत. तुमच्या पॉलिसीचं नाव वेगळं असेल, तर प्रत्येक मुद्दा त्या कागदात शोधून पहा.

1. तीन लाख कशाचे?

हा आकडा बहुतेक वेळा घराच्या बांधकामाचा असतो. त्यात जागेची किंमत नसते. भारत गृह रक्षेत बांधकामाचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के संरक्षण आपोआप मिळतं. म्हणजे तीन लाखाला 60 हजार. टीव्ही, फ्रीज, कपाट, पलंग, भांडी, सगळं मिळून 60 हजार. सामान जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन जास्त हप्ता भरावा लागतो. सामान आहे की नाही, हे जुन्या किंवा दुसऱ्या पॉलिसीत नक्की तपासा.

आणि तीन लाख ही वरची मर्यादा आहे. नुकसान 40 हजाराचं झालं तर तीन लाख मिळत नाहीत.

2. विमा कमी रकमेचा असेल तर

समजा घर पुन्हा बांधायला सहा लाख लागतात, पण हप्ता वाचावा म्हणून विमा तीन लाखाचाच काढला. वादळात एक लाखाचं नुकसान झालं. काही पॉलिसींत कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच घराचा विमा काढला, म्हणून निम्मेच पैसे. हातात येतात 50 हजार. भारत गृह रक्षेत ही कपात माफ आहे. दुसरी पॉलिसी असेल तर हा प्रश्न एजंटला आधीच विचारा.

3. कोणत्या कारणाने नुकसान झालं?

आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप ही कारणं यादीत असतात. पण बारीक अक्षरांत अपवाद असतात.

शॉर्ट सर्किटने टीव्ही जळाला तर त्या टीव्हीचे पैसे मिळत नाहीत. त्या टीव्हीची आग पसरून पलंग-कपाट जळालं, तर पलंग-कपाटाचे मिळतात.

चोरीचंही तसंच. साधी घरफोडी यात येत नाही. आग किंवा पुरासारखी घटना घडली आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरतात.

आपल्या भागात कोळशाच्या खाणी आहेत, म्हणून हा अपवाद नीट वाचा. जमीन खचून घराचं नुकसान झालं तर ते पॉलिसीत आहे. पण जमिनीत केलेल्या खोदकामामुळे झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. नवीन बांधकाम बसताना पडणारे नेहमीचे तडेही वगळलेले आहेत. भिंतीला तडे गेले की विमा भरून देईल असं धरून चालू नका. पॉलिसी घेतानाच कंपनीला लेखी विचारा.

4. कोणत्या वस्तू धरतच नाहीत?

रोख रक्कम आणि कागदपत्रं यात धरत नाहीत. दागिन्यांसाठी वेगळं जादा संरक्षण घ्यावं लागतं. पापडाचा, मसाल्याचा विक्रीचा माल हे घरगुती सामान नाही. छोट्या व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे. गाय-शेळीचा विमाही वेगळाच.

हा मुद्दा वाचला तेव्हा बैठक एकदम शांत झाली. कारण पेटीत त्या दिवशी गटाची रोकड होती. घराला आग लागली असती तर विम्यातून त्यातला एक रुपयाही आला नसता, आणि बारा बायांच्या पैशाचा हिशेब एकट्या ताईला द्यावा लागला असता.

5. नुकसान झालं तर

कंपनीला लगेच कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. फोटो काढा. कंपनीचा माणूस पाहणी करून जाईपर्यंत जळकं-पडकं सामान फेकू नका. तलाठ्याचा पंचनामा करून घ्या, पण त्यावरून मिळणारी सरकारी मदत वेगळी आणि विम्याचा दावा वेगळा. घरावर कर्ज असेल तर पैसे आधी कर्जखात्यात जाऊ शकतात, हेही बँकेत विचारून ठेवा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. नियामकाचा टोल फ्री क्रमांक 155255 आहे.

पुढच्या बैठकीचा सराव

ज्यांच्या घरी पॉलिसी आहे त्यांनी ती आणावी. गटात मोठ्याने वाचा आणि पाच उत्तरं वहीत लिहा:

• बांधकामाला किती, सामानाला किती?
• घर पुन्हा बांधायला आज किती लागतील?
• कोणती कारणं वगळली आहेत?
• घरातली कोणती वस्तू यात बसत नाही?
• मुदत कधी संपते?

एखादं उत्तर सापडलं नाही तर तोच प्रश्न एजंटला लेखी द्या. तोंडी "सगळं कव्हर आहे" याला दाव्याच्या वेळी काही किंमत नसते.

आणि विमा असो की नसो, गटाची रोकड घरात ठेवू नका. त्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी पेटीतले पैसे बँकेत भरले आणि पावती गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकली. तुमच्या गटाची पेटी आज कुठे आहे, ते एकदा पाहून घ्या.