तोल सांभाळण्याचे शास्त्र

एक सोपा प्रयोग करा. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहा. पावलांपुढे वीतभर अंतरावर रुमाल टाका व गुडघे न वाकवता तो उचला. जमत नाही ना? एरवी वाकताना आपण कंबर मागे नेतो. येथे भिंत आड येते आणि तोल जातो.

गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा आधारक्षेत्रात पडली, तरच वस्तू उभी राहते. माणसाचे आधारक्षेत्र म्हणजे दोन पावले व त्यांमधील जागा. गुरुत्वमध्य मात्र बेंबीच्या थोडा खाली, म्हणजे बराच उंच! म्हणून डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे मेंदूला सतत खबर देतात व मेंदू स्नायूंकरवी तोल सावरतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत ही व्यवस्था बिघडते. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. ती पुढे वाढत नाही. हा विकार संसर्गजन्यही नाही. १८६१ साली लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी त्याचे सविस्तर वर्णन मांडले. अनेक मुलांच्या पोटऱ्या ताठ होतात, टाच उचलली जाते आणि आधारक्षेत्र चवड्यांपुरते उरते. मांड्यांचे स्नायू ताठ असल्यास पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. आधार आणखी अरुंद होतो.

उपचारातही हेच पदार्थविज्ञान आहे. घोट्याला बांधलेल्या स्प्लिंटमुळे टाच जमिनीवर टेकते. वॉकरमुळे आधारक्षेत्र वाढते. तो मुलाच्या मागे असेल, तर मूल पुढे न झुकता अधिक ताठ चालते.

पण साधने मेंदूला शिकवीत नाहीत. ते काम सरावाचे. एका पायावरून दुसऱ्यावर भार नेणे, बसून दूरच्या चेंडूकडे हात लांबवणे, बाकावरून उठणे, पायरी चढणे, पट्ट्यांचा आधार घेऊन ट्रेडमिलवर चालणे, असे व्यायाम तज्ज्ञ करून घेतात. दुसऱ्याने नुसते हातपाय हलवून भागत नाही. सायकल शिकताना तुमचा तोल गेला, म्हणूनच तो सावरता आला. या मुलांनाही सुरक्षित जागी तोल थोडा जाऊ द्यावा लागतो.

तुमच्या वर्गात असा मित्र असेल, तर त्याला घाईने ओढू नका; न विचारता उचलूही नका. चालण्यावरून त्याची बुद्धी जोखू नका. शिक्षकांनी त्याचे पाय जमिनीवर पूर्ण टेकतील असे आसन द्यावे. तुम्ही नकळत करता ते काम तो प्रत्येक पावलाला प्रयत्नाने करीत असतो.