स्फटिकांचा नमुनासंग्रह आणि रसद्रव्यांची परीक्षा

रसशास्त्रात द्रव्याच्या ग्राह्याग्राह्यतेचा विचार प्रथम येतो. शोधन आणि मारण त्यानंतर. अग्राह्य द्रव्यास कितीही पुटे दिली तरी ते ग्राह्य ठरत नाही. असे असूनही आज अनेक औषधशाळांत खनिज द्रव्ये चूर्णरूपानेच येतात. चूर्ण झाले की पैलू, चमक, फुटण्याची रीत ही सारी लक्षणे नाहीशी होतात आणि पाहणाऱ्यापुढे केवळ रंग उरतो. यासाठी प्रत्येक औषधशाळेत अखंड स्फटिकांचा लहानसा अभ्याससंग्रह असावा, असे आमचे मत आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील वैद्यांस तो अल्प खर्चात करता येईल. मात्र आपल्या भूमीत जे स्फटिक मिळतात ते बहुधा रसद्रव्ये नसून रसद्रव्यांसारखे दिसणारे पदार्थ आहेत, हे आरंभीच ध्यानी घ्यावे.

आपल्या कातळातील स्फटिक

या दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्यांत झिरपले आणि सावकाश स्फटिक वाढले. बेसाल्टच्या प्रदेशात विहीर खोदताना किंवा दगडखाणीत अशा पोकळ्या उघड्या पडतात. त्यांत गारगोटी, अकीक, कॅल्साइट, तसेच स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटाची खनिजे आणि त्यांच्या सोबतीने अपोफिलाइट आढळते. पुणे, नाशिक व जळगाव भागांतील असे नमुने जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालय या दृष्टीने एकदा अवश्य पाहावे.

याउलट अभ्रक, हिंगुळ, हरताळ, मनःशिळा ही द्रव्ये औषधास पुरतील अशी या कातळात मिळत नाहीत. ती विकतच घ्यावी लागतात, म्हणून त्यांची पारख अधिक आवश्यक ठरते.

सादृश्यातून होणारे भ्रम

१) स्फटिक, स्फटिका व अपोफिलाइट : पहिल्या दोन नावांत एका मात्रेचाच भेद आहे. स्फटिक हे उपरत्न. स्फटिका म्हणजे तुरटी. तुरटी पाण्यात विरघळते, स्फटिक विरघळत नाही. स्फटिकाचा स्तंभ षट्कोनी, काठिण्य ७. तो काचेवर ओरखडा काढतो आणि शिंपल्यासारखा वक्र फुटतो. अपोफिलाइट तितकेच पारदर्शक असले तरी त्याचा स्तंभ चौकोनी, काठिण्य सुमारे ४.५ ते ५ असते. ते एका ठरावीक प्रतलात सपाट फुटते व त्या प्रतलावर मोत्यासारखी झाक दिसते.

२) गोदंती व स्टिल्बाइट : दोन्ही पांढरी व मोतिया चमकेची. गोदंतीवर नखाने ओरखडा उमटतो, स्टिल्बाइटवर उमटत नाही. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे दिसतात.

३) तुत्थ व कॅव्हन्साइट : पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतील निळे कॅव्हन्साइट विख्यात आहे. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले व १९७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तुत्थ हे ताम्राचे लवण, पाण्यात विरघळणारे. कॅव्हन्साइटमध्ये व्हॅनेडियम धातू असून ते पाण्यात विरघळत नाही. रंगावर विसंबणाऱ्याची येथे फसगत होते.

४) वैक्रांत : ग्रंथांत त्याच्या आठ फलकांचे व सहा कोनांचे वर्णन येते. काही विद्वान त्यास तुरमली मानतात, काही फ्लोराइट. फ्लोराइटचे तुकडे अष्टफलकाकार फुटतात. तुरमलीचा स्तंभ लांब व उभ्या रेषांचा असतो. दोहोंचे अखंड नमुने समोर ठेवल्यावाचून हा वाद नीट समजतही नाही.

अग्निपरीक्षा

अभ्रकाचे पिनाक, नाग, मंडूक व वज्र हे चार भेद अग्नीत टाकूनच ओळखावयाचे असतात. पिनाकाचे पदर सुटतात, नाग फूत्कारतो, मंडूक उडतो आणि वज्र अविकृत राहते. स्वीडनचे खनिजज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ साली हीच वाट धरली. तापविताच फेसाळणाऱ्या खनिजास त्यांनी ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. अपोफिलाइट तापविल्यास त्याचेही पदर सुटतात. ही परीक्षा केवळ कणभर तुकड्यावर, डोळ्यांस चष्मा लावून करावी. हरताळ, मनःशिळा व हिंगुळ मात्र कधीही उघड्यावर तापवू नयेत. त्यांची वाफ विषारी असते.

संग्रहाची रीत

खाणमालकाच्या अनुमतीने, फोडून टाकलेल्या दगडांतूनच नमुने घ्यावेत. कास पठार, कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान येथून खडाही उचलू नये. कासचा तांबडा जांभा म्हणजे सुवर्णगैरिक नव्हे, हेही विद्यार्थ्यांस सांगावे. प्रत्येक नमुन्यास क्रमांक देऊन गाव, खाण, दिनांक व केलेल्या परीक्षा वहीत लिहाव्यात. नाजूक स्फटिक कापसात ठेवावेत. आम्लाने धुऊ नयेत. तुत्थ व कासीस घट्ट बुचाच्या बाटलीत, तर मनःशिळा अंधारात ठेवावी. प्रकाशाने ती पिवळी पडून भुकटी होते. विषद्रव्ये कुलुपात असावीत. झिओलाइटादी स्थानिक नमुन्यांवर ‘औषधार्थ नाही’ अशी स्पष्ट चिठ्ठी लावून ते कच्च्या मालापासून वेगळ्या कपाटात ठेवावेत.

डोळ्यांची परीक्षा ही पहिली पायरी होय, अखेरची नव्हे. खनिज द्रव्यांची मानके देणारा भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या पहिल्या भागाचा ७ वा खंड २००८ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यानुसार प्रयोगशाळेतील परीक्षण टाळता येत नाही. परंतु अयोग्य माल दारातूनच परत पाठविण्याचे काम जाणत्या दृष्टीचे आहे. यापुढे खनिज द्रव्य शक्य तेथे अखंड स्वरूपातच मागवावे, संग्रहातील नमुन्याशी ताडून पाहावे आणि मगच खलात घालावे. आपण दिलेले भस्म रुग्ण विश्वासाने घेतो. ते मुळात कशाचे आहे हे त्यास कधीच पारखता येत नाही. ती पारख आपणच केली पाहिजे.