धानाचा दाणा आणि तणस : साखर एक, गुण दोन

गोंदिया जिल्ह्यात मळणी झाली की धान घरात किंवा गिरणीत जातो आणि तणस गोठ्याकडे. दाणा माणसाचे पोट भरतो, तणस माणसाला पचत नाही. पण दोन्हींचा बराचसा भाग एकाच साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा बनलेला असतो. हा फरक समजला तर जनावरांचे नुकसान टळू शकते.

साखळीतील फरक

धानाचे हिरवे पान सूर्यप्रकाशात हवेतील कर्बवायू व पाणी यांपासून साखर तयार करते. दाण्यात ग्लुकोजचे कण एका पद्धतीने जोडले जाऊन स्टार्च बनतो. त्यातील अमायलोज ही बहुतांशी सरळ साखळी, तर अमायलोपेक्टिन फांद्या असलेली. अमायलोज जास्त असलेला भात मोकळा होतो, कमी असलेला चिकट होतो. तणसात तेच कण वेगळ्या पद्धतीने जोडले जाऊन सेल्युलोज बनते. हा जोड तोडणारे पाचक द्रव्य आपल्या शरीरात नाही.

शरीरात काय होते?

भात खाल्ल्यावर स्टार्चचे ग्लुकोज होऊन ते रक्तात येते. पेशीत प्राणवायूच्या मदतीने ते जळते व शक्ती मिळते. जास्तीचे ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, त्याहून अधिक झाल्यास त्याची चरबी होते.

गाई-म्हशींच्या मोठ्या पोटातील सूक्ष्म जंतू सेल्युलोज तोडून आम्ले तयार करतात. त्यांपैकी प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवते आणि त्यातूनच दुधातील साखर तयार होते.

धोका ओळखा

खळ्यावर सुटलेले जनावर धानाच्या राशीत तोंड घालून भरपूर दाणा खाते. स्टार्च झपाट्याने आंबून लॅक्टिक आम्ल वाढते. जनावर चारा सोडते, पोट फुगते, हगवण लागते, ते खाली बसते व दगावूही शकते. लक्षणांची वाट न पाहता दाणा बंद करून ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे. रास झाकावी, रात्री जनावरे बांधून ठेवावीत. दाणा वाढवायचा असल्यास हळूहळू वाढवावा.

तणस सकस करा

१०० किलो वाळलेल्या तणसासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. थर देत सारखा शिंपडावा, प्रत्येक थर तुडवून दाबावा आणि प्लॅस्टिकने हवाबंद झाकावा. २१ दिवसांनी उघडावे. यामुळे तणस मऊ होऊन जंतूंना ते पचवणे सोपे जाते. खाऊ घालण्यापूर्वी वास जाईपर्यंत पसरून ठेवावे व थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी. सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये, ते विषारी असते.

दाणा राखून द्या, तणस सुधारून द्या. दोन्हींतील साखर मग कामी येईल.