आधी रबर, मग रुबाब

फियाटची पालिओ २००१ मध्ये भारतात आली, मुंबईच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून. तिच्या १.६ जीटीएक्सची साधारण १०० अश्वशक्ती त्या वेळच्या छोट्या गाड्यांत दुर्मीळच. आज अशी गाडी हौसेने घेणारा पहिल्याच आठवड्यात रुंद चाकं आणि रिमॅपच्या मागे लागतो. जरा थांबा.

घेण्याआधी आरसी बुक बघा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून नोंदणी वाढवावी लागते. मुदत संपलेली असेल तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. चासी आणि इंजिन नंबर स्वतः ताडा. कॉम्प्रेशन टेस्ट करायला लावा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत.

गाडी दारात आली की पहिलं काम टायमिंग बेल्टचं. ‘गेल्याच वर्षी बदललाय’ यावर बिल पाहिल्याशिवाय विश्वास नको. टेन्शनरसकट नवा टाका. मग पेट्रोलचे पाइप. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि या गाडीची रबरं त्यासाठी बनवलेलीच नाहीत. ती फुगतात, चिरतात, आणि गळणारं पेट्रोल गरम इंजिनाजवळ म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉलला टिकणारे, इंजेक्शनचा दाब सोसणारे पाइप आणि नव्या क्लिपा बसवा.

‘आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाकू’ असं सांगणारा मेकॅनिक हमखास भेटेल. ऐकू नका. इंजिन थंड राहिलं की कॉम्प्युटर जास्त पेट्रोल ओतत राहतो, आणि अ‍ॅव्हरेज का पडलं म्हणून तुम्ही प्लग बदलत बसता.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं ऑइल घाट उतरताना उकळलं तर पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर जोरात पळवायच्या लायकीचा नाही.

एवढं झाल्यावर सस्पेन्शनचे बुश, शॉक अब्सॉर्बर आणि चांगले ब्रेक पॅड. वळणावरची मजा इथेच परत येते. गाडी खाली बसवू नका, आपले खड्डे माहीत आहेत. टर्बो नसलेल्या इंजिनात रिमॅपने फारसं काही हाती लागत नाही.

इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. विमा कंपनीलाही प्रत्येक बदल लेखी कळवा. काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका; पुढच्या पासिंगला लागतील, विकताना भावही त्यांच्यामुळेच येईल.