ईमेल प्रोग्रॅम 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो तेव्हा…



अनेक शाळांच्या ऑफिसमध्ये संगणकावर थंडरबर्डसारखा ईमेल प्रोग्रॅम असतो. परिपत्रकं, शिष्यवृत्तीची पत्रं, पालकांचे मेल सगळं त्यातच येतं. एक दिवस तो अचानक 'लॉगिन फेल्ड' किंवा 'ऑथेंटिकेशन फेल्ड' दाखवतो. गंमत म्हणजे तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये बरोबर चालतो! मग घोळ कुठे आहे? आज जीमेलचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

आधी संदेश नीट वाचा

'कनेक्शन टाइम्ड आउट' असं आलं तर प्रोग्रॅम सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही. इंटरनेट तपासा. 'ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणजे तो दारापर्यंत पोहोचला, पण ओळख पटली नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

असं का होतं?

पूर्वी आपण खात्याचा पासवर्डच ईमेल प्रोग्रॅमला देत होतो. म्हणजे जणू घराची किल्लीच दुसऱ्याच्या हातात! गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही सोय बंद करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून ती बंद केली.

आता 'ओऑथ टू' ही पद्धत आहे. यात पासवर्ड फक्त गुगलच्या पानावर टाकायचा, गुगल प्रोग्रॅमला एक परवाना देतं. परीक्षेच्या हॉल तिकिटासारखंच समजा. ते त्याच परीक्षेला चालतं आणि गरज पडली तर रद्दही करता येतं.

क्रमाने करून पाहा

१. संगणकाची तारीख-वेळ बघा. जुन्या संगणकाचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित जोडणी होत नाही.

२. 'अकाउंट सेटिंग्ज'मधील 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडा. युजर नेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता हवा. पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस.

३. तिथेच 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये 'नॉर्मल पासवर्ड' असेल तर 'ओऑथ टू' निवडा.

४. 'आउटगोइंग सर्व्हर' वेगळा तपासा. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक इथेच सापडतो. इथेही 'ओऑथ टू'च हवं. पोर्ट ४६५ ला एसएसएल/टीएलएस, ५८७ ला स्टार्टटीएलएस.

५. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधील 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मधून त्या खात्याच्या जुन्या नोंदी काढा. तिथेच कुकीज स्वीकारण्याची खूण आहे ना, तेही बघा. ती नसेल तर गुगलचं लॉगिन पूर्ण होत नाही.

६. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा. गुगलची खिडकी उघडेल, लॉगिन करून परवानगी द्या.

प्रोग्रॅम फार जुना असेल तर?

त्यात 'ओऑथ टू' नसेल तर १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' वापरता येतो. त्यासाठी खात्यात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू हवं. मात्र मुख्य पासवर्ड बदलला की गुगल जुने ॲप पासवर्ड रद्द करतं. काल चालणारा मेल आज बंद पडला, तर कोणी पासवर्ड बदललाय का, हे आधी विचारा. शाळेचं खातं संस्थेकडून मिळालेलं असेल, तर काही सोयी ते सांभाळणाऱ्यानेच बंद ठेवलेल्या असू शकतात. त्यांनाच विचारावं लागेल.

हे मात्र करू नका

- वैतागून टू-स्टेप व्हेरिफिकेशन बंद करू नका. शाळेच्या मेलमध्ये मुलांची नावं, जन्मतारखा, आधारच्या प्रती असतात.
- 'मेल दुरुस्त करून देतो' असं फोनवर सांगणाऱ्याला ओटीपी देऊ नका.
- खातं लगेच काढून टाकू नका. फक्त संगणकावरच उतरवलेले जुने मेल त्याबरोबर जाऊ शकतात.

पाचवी ते सातवीच्या मुलांनाही हा फरक सांगता येईल. वर्गात विचारून बघा: "मित्राला घराची किल्ली द्याल की फक्त आजच्यापुरतं दार उघडून द्याल?" उत्तरातून पासवर्ड आणि परवानगी यातला फरक मुलं स्वतःच सांगतील.