मरळ कशी ओळखावी आणि कधी धरू नये

आपल्या खानदेशात तापी, गिरणा, पांझरा या नद्या आहेत. त्यांच्या डोहांत पुष्कळ जातींचे मासे राहतात. काही मासे शेवाळ खातात, तर काही मासे दुसऱ्या माशांनाच खातात. त्यांना शिकारी मासे म्हणतात. मरळ ही तशीच आहे. ती लहान मासे, बेडूक, किडे खाते.

मरळ ओळखण्याच्या खुणा :
1) डोके सापासारखे चपटे असते.
2) अंग लांब व गोल असते. अंगावर खवले असतात.
3) पाठीवरचा पर लांब, थेट शेपटीजवळ जातो.
4) तोंड मोठे व दात धारदार असतात.
5) मिशा नसतात.

शिवडा मासाही शिकारी आहे. पण त्याला लांब मिशा असतात आणि खवले नसतात. म्हणून दोघांत घोटाळा होत नाही.

मरळ पाण्यात राहते, तरी वर येऊन तोंडाने हवा घेते. वर येऊ दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरते! पाण्याबाहेर ओली ठेवली तर ती बराच वेळ जगते. म्हणून बाजारात मरळ जिवंत विकायला येते.

माझे आजोबा गळ टाकतात. ते म्हणतात, मरळ गवताच्या आडोशाला दबा धरून बसते. गळाला लहान मासा किंवा बेडूक लावतात. दोरी मजबूत लागते. मरळ धरली की तिच्या तोंडात बोट घालू नये. आणि डोहावर मोठ्या माणसाशिवाय कोणीच जाऊ नये.

आता महत्त्वाची गोष्ट. पावसाळ्यात मरळ अंडी घालते. पिल्लांचा तांबूस घोळका पाण्यावर दिसतो. आईबाप दोघे खाली राखण करतात. घोळक्याजवळ काही आले की ते झडप घालतात. त्यामुळे तेव्हा ते गळाला पटकन लागतात. पण आईबाप गेले की दुसरे मासे सगळी पिल्ले खाऊन टाकतात. एका मरळीपायी शेकडो जातात. मी एकदा गळ मागितला, तर आजोबा म्हणाले, "नको धरू बापू, तिनाजोडे पोरं शेतस."

काही जण डोहात सुरुंग लावतात, विषारी औषध टाकतात. त्याने लहानमोठे सगळेच मासे मरतात. त्याला कायद्यानेही बंदी आहे.

म्हणून शाळेत आलेल्या पालकांना माझी विनंती आहे : तांबडा घोळका दिसला तर गळ गुंडाळून घरी या. पिल्ले मोठी झाली तरच पुढच्या वर्षी डोहात मरळ राहील.

सांगा पाहू : मिशा कोणाला असतात, मरळीला की शिवड्याला?

— इयत्ता चौथी